हुतात्म्याच्या बायकोची केस

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठला चोर भायखळ्यात सापडला आणि कुठला माझगावात, असं कुणी विचारलं तर मी नक्की चुकेन. लालबागच्या त्या एका केसमधलं मात्र काही पुसलं गेलेलं नाही. तिच्यातल्या माणसांची नावं मी इथे देत नाही. त्यांच्यापैकी काहींची मुलंबाळं अजून त्याच भागात असतील.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी गिरणगावातल्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. लोक फौजदारच म्हणत. निम्मं ठाणं कायम बंदोबस्तावर असायचं. आज परळला सभा, उद्या मोर्चा, परवा हरताळ. चाळीतल्या मारामाऱ्या, हातभट्टी, गिरणीच्या गेटवरची पाकीटमारी, या नेहमीच्या गुन्ह्यांचा तपास मधल्या वेळात उरकायचा. त्यात लोकांनी आमच्याशी बोलणं टाकलं होतं. गोळीबार झाल्यापासून खाकीतला माणूस जिन्यात दिसला की दारं लागत. पोलिसाला बातमी लोकांकडूनच मिळते, आणि लोक तर आमचं तोंड बघायला तयार नव्हते.

अशाच एका सकाळी इस्पितळातून फोन आला. एक बाई दाखल झाली आहे, गर्भपाताची केस दिसते, वाचण्याची आशा कमी आहे, जबाब घ्यायला या. मी स्टेशन डायरीत नोंद केली, मॅजिस्ट्रेटना निरोप धाडला आणि आमच्या हवालदारांना घेऊन निघालो. हे हवालदार माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे, देवगडकडचे. लालबाग-परळमधली निम्मी घरं त्यांच्या ओळखीची.

वॉर्डच्या दाराशीच डॉक्टरीणबाई भेटल्या. तरुण होत्या, आणि संतापलेल्या होत्या.

"विष अंगभर पसरलंय," त्या म्हणाल्या. "दोन दिवस आधी आणली असती तर मी काहीतरी करू शकले असते. अशा बाया येतच असतात, इन्स्पेक्टर. अगदी मरायला टेकल्याशिवाय कुणी आणत नाही. का आणत नाहीत, ठाऊक आहे?"

"का?"

"आणलं की मी तुम्हाला फोन करते म्हणून. करावाच लागतो."

खाटेवर पंचविशीची बाई होती. ओठ कोरडे पडले होते, डोळे तापाने चमकत होते. कपाळ मोकळं होतं. हवालदारांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"साहेब, ही त्या अमक्याची बायको."

मला लगेच समजलं. नाव सगळ्या लालबागला माहीत होतं. तिचा नवरा गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावरचा कामगार होता. पाळी संपवून घरी येताना गर्दीत सापडला आणि पोलिसांच्या गोळीने गेला. चाळीने त्याला हुतात्मा ठरवलं. चौकात त्याच्या नावाचा फलक लागला. आमच्या भागात सभा असली की त्याची तसबीर व्यासपीठावर असे आणि शेजारी खुर्चीवर त्याची ही विधवा. बंदोबस्ताला उभं राहून मीसुद्धा तिला एकदोनदा पाहिलं होतं. लोक येत, तिच्या पाया पडत, आणि ती खाली मान घालून बसलेली असे.

मॅजिस्ट्रेट आले. आम्हाला पडद्यापलीकडे उभं करून त्यांनी मृत्युपूर्व जबाब घेतला. आतलं बोलणं ऐकू येत होतं.

"हे कुणी केलं?"

"मीच केलं."

"कसं केलं?"

"केलं. मला येतं."

"सोबत कोण होतं?"

"कोणी नाय. सासूला माझ्या काय ठाऊक नाय. तिला बोलू नका."

"आणि मूल कुणाचं होतं?"

मॅजिस्ट्रेटनी प्रश्न पुन्हा विचारला. मग ती म्हणाली, "माझं."

संध्याकाळच्या आत ती गेली.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हे कुणालाही स्वतःच्या हाताने करता येणारं काम नव्हे. दुसऱ्याच्या हातचं आहे, आणि त्या हाताला सवय आहे. म्हणजे दंड विधानाचं कलम तीनशे चौदा लागलं. गर्भपात घडवून आणण्यात बाईचा मृत्यू झाला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. मरताना ती खोटं बोलली होती, आणि ते खोटं पाडणं हे आता माझं काम होतं.

चाळीत गेलो तर कुणी बोलेना. प्रत्येक दारात तेच उत्तर: बिचारीला ताप आला, गेली. अंत्ययात्रेला सगळं लालबाग लोटलं होतं. हुतात्म्याची पत्नी तापाने गेली असंच सगळ्यांना हवं होतं, आणि मी ते नासवायला आलो होतो. सासू एका कोपऱ्यात बसून होती. चार-पाच वर्षांची नात तिच्या मांडीवर झोपली होती. तसबिरीवर ताजा हार होता. मी दोन प्रश्न विचारले. म्हातारीने नुसती मान हलवली. मी उठलो. माणूस खोटं बोलायच्या तयारीत असतो तेव्हा त्याला फार विचारू नये, तो त्या खोट्याला घट्ट बांधून घेतो. हे मी नोकरीत लवकर शिकलो होतो.

खबर मिळाली ती ठाण्यातच. बंदोबस्ताची माणसं लॉरीत चढवत होतो, तेवढ्यात त्याच चाळीतली एक बाई पदर तोंडावर ओढून दारात आली. सासूची शेजारीण. तिला बसायला सांगितलं तर ती बसेना.

"घोडपदेवच्या सुईणीला इचारा," ती म्हणाली. "तिच्याकडे कोण आलं होतं ते इचारा. माझं नाव नको."

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझी धाकटी बहीण तिच्याच हातानं मेली. आम्ही बी तापच सांगितला सगळ्यांना." तिचा आवाज चिरकला. "म्हातारी माझ्याकडे पत्ता मागायला आली होती, तेव्हा मी हात जोडून सांगितलं, नको जाऊस. ती म्हणाली, मग कुठं जाऊ ते सांग. मला सांगता आलं नाही."

सुईण घोडपदेवला एका चाळीच्या तळमजल्यावर राहत होती. साठीची, धिप्पाड, तोंडात कायम तंबाखू. पोलिसांची तिला नवलाई नव्हती. मला पाहून तिने पाट पुढे केला.

"बसा साहेब. मी बाळंतपणं करते. ह्या अर्ध्या घोडपदेवची नाळ मी कापलीय. तुमच्या खात्यातल्या दोघातिघांच्या बायका पण माझ्याच हातानं सुटल्यात."

"लालबागची एक विधवा तुमच्याकडे आली होती."

"विधवा माझ्याकडे कशाला येईल?"

असं पुष्कळ चाललं. ती एकाही शब्दात सापडेना. तिला कोर्टाची भाषा येत होती, पंचनामा कसा करतात तेही ठाऊक होतं. शेवटी मी उठता उठता म्हटलं, "बरं. ती वारली, एवढं तुम्हाला सांगून ठेवतो."

तिचा हात तंबाखूच्या चंचीवर होता तिथेच राहिला.

"वारली?"

"इस्पितळात."

"अशी कशी वारली?" ती भिंतीला टेकून खाली बसली. "मी म्हातारीला बजावून सांगितलं होतं, अंग तापलं की तस्संच दवाखान्यात न्यायचं. थांबायचं नाही. म्हातारीनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता मला!"

कुठली म्हातारी, हे मला विचारावं लागलं नाही. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. परत येताना ते म्हणाले, "साहेब, या केसमध्ये कुणाला धरावंसं वाटत नाही. पण धरावं तर लागणार." या सुईणीविषयी मात्र मला तेव्हा दया आली नव्हती, आजही येत नाही. तिच्या हातून याआधीही बाया गेल्या होत्या, हे तिला माहीत होतं. तरी तिने दार बंद केलं नव्हतं.

म्हातारीला मी ठाण्यावर बोलावलं नाही. हवालदारांना घेऊन तिच्या खोलीवर गेलो. ते तिच्याशी मालवणीत बोलले, गाव कुठलं, घर कुणाच्या वाडीत, असं. मग मी म्हटलं, "मावशी, सुईणीने सांगितलंय."

ती दचकली नाही. कुणी विचारेल याची ती वाटच पाहत असावी.

"मीच घेवन गेलंय तिका, सायबानू," ती म्हणाली. "तिची काय चूक नाय. माका काय ती शिक्षा करा."

मग तिने सगळं सांगितलं. दिवस गेल्याचं सुनेने स्वतःहून कबूल केलं, तेव्हा पहिल्यांदा म्हातारीने तिला मारलं. "आदी मारलंय. मग दोघी रडलव." पुढे कितीतरी रात्री दोघी कुजबुजत होत्या, पलीकडच्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून एका गोधडीत तोंड घालून. सुनेला मूल पाडायचं नव्हतं. ती म्हणत होती, मी गावाला जाते, तिथे बाळंत होते. म्हातारीला तिचं गाव ठाऊक होतं. तिथे सुनेला कुणी जगू दिलं नसतं.

"तो माणूस कोण?" मी विचारलं.

तिने नाव सांगितलं. वस्तीतल्या मंडळाचा कार्यकर्ता. सुनेला 'ताई' म्हणत सभेला घेऊन जाणारा, घरी पोहोचवणारा. शिवणाची कामं तिला त्यानेच मिळवून दिली होती. बायको-मुलं असलेला माणूस.

"तुम्ही भेटलात त्याला?"

"ती गेली भेटूक. त्यान सांगितल्यान, ह्या बाहेर पडला तर चळवळीक बट्टो लागतलो. तुझ्या घोवाचा नाव मातीत जाताला." म्हातारीने तसबिरीकडे पाहिलं. "माझ्या झिलाचा नाव! ता राखूसाठी माझी सून मेली."

दादरला एका स्त्रियांच्या आश्रमातही दोघी जाऊन आल्या होत्या. ते ऐकून मी दुसऱ्या दिवशी तिथे गेलो. संचालिका शिकलेल्या, साध्या राहणाऱ्या, मनाने खरोखर चांगल्या बाई होत्या. त्यांना ती आठवत होती.

"मी तिला नाही म्हटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "नियम सांगितले. बाळंतपण होईपर्यंत इथे राहायचं. मूल आमच्याकडे सोपवायचं, आम्ही त्याला चांगलं घर शोधतो. पण तिची मोठी मुलगी इथे ठेवता आली नसती. आई किंवा पालक असलेली मुलं आम्ही घेत नाही. ती म्हणाली, मग पोरीला आणि म्हातारीला कोण पोसणार? विचार करून येते म्हणाली. मी वाट पाहिली, साहेब."

जरा थांबून त्या म्हणाल्या, "ते मूल जगलं असतं हो. आमच्याकडे अशी कितीतरी जगलीत. काही आता शाळेत जातात. तेही कुणाचं तरी जगणंच होतं ना?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हातारीलाही मी नंतर तेच विचारलं होतं, पोलीस म्हणून नव्हे, असंच. ती म्हणाली, "त्या पोटातल्या जीवाचा माका वायट वाटता. देव माका इचारतलो. पण ही माझ्यासमोर रडत बसलेली. मी कोणाक बघू?"

आणि ताप चढल्यावर तिला लगेच इस्पितळात का नेलं नाही, या प्रश्नाचं उत्तर मला डॉक्टरीणबाईंकडून आधीच मिळालं होतं. तरी जबाबात यायला हवं म्हणून मी विचारलं.

"भियालंय," ती म्हणाली. "दवाखान्यात नेला की पोलीस येतत. तुमी लोक एकदा ह्या घरात इल्लास, ता माझ्या झिलाच्या मरणाची खबर घेवन."

तिला अटक करताना चाळीच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. पण त्या दिवशी घोषणा नव्हत्या. बातमी फुटली होती. कालपर्यंत जिच्या पाया पडत होते, तिच्या दाराकडे बायका आता तोंड वाकडं करून बघत होत्या. नात आजीचं लुगडं सोडेना. तिला शेजारणीने उचललं, खबर देणाऱ्या त्याच शेजारणीने, आणि ती हमसून हमसून रडायला लागली. मुलगी नव्हे, शेजारीण.

कार्यकर्त्याला मी चौकशीला बोलावलं. पांढरा स्वच्छ सदरा घालून आला, खुर्ची ओढून बसला. म्हातारी आणि सुईण दोघीही माझ्यासमोर जमिनीवर बसल्या होत्या, हे मला तेव्हा आठवलं.

"माझा काय संबंध?" तो म्हणाला. "मी त्या कुटुंबाला मदत केली. सगळी वस्ती सांगेल."

"तिने तुम्हाला सांगितलं होतं, दिवस गेलेत म्हणून."

"तिने कुणाला सांगितलं असेल, तर ते सांगायला ती आता नाही. मरताना तिने माझं नाव घेतलं का? घेतलं असेल तर दाखवा." मग त्याने आवाज खाली आणला. "साहेब, मी चळवळीचा माणूस. तुम्ही सरकारचे. मला अडकवायला बघाल, तर लोकांना त्याचा अर्थ लावायला वेळ लागणार नाही."

मी कागद घेऊन सरकारी वकिलांकडे गेलो. त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं. गर्भपात कर असं त्याने सांगितल्याचा पुरावा नाही. म्हातारीने ऐकलं ते सुनेच्या तोंडून, आणि सून गेली. मूल त्याचं असलं तरी तो गुन्हा नाही. बाई सज्ञान होती. "याच्यासाठी माझ्याकडे कलम नाही," वकील म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला. चळवळीत प्रामाणिक माणसं हजारोंनी होती, एका माणसापायी मी चळवळीला दोष देणार नाही. पण तो माणूस पुढच्या सभेतही व्यासपीठावर होता. तसबीर मात्र तिथून काढून टाकली होती. मी बंदोबस्ताला खाली उभा होतो.

म्हातारीने मॅजिस्ट्रेटपुढे कबुलीजबाब दिला. तो मागे घ्यायला तिच्या वकिलाने सुचवलं, ती तयार झाली नाही. सुईणीला काही वर्षांची शिक्षा झाली. म्हातारीला साथ दिल्याबद्दल त्याहून बरीच कमी झाली. तिचं वय आणि तिचं दुःख न्यायाधीशांनी निकालात नमूद केलं, पण कायद्यापुढे आपण बांधलेले आहोत असंही म्हटलं. शिक्षा ऐकवल्यावर ती मला शोधत होती. मी जवळ गेलो.

"चेडवाचा काय करतलास?" तिने विचारलं.

मुलीसाठी मी वस्तीत फिरलो. मंडळाच्या लोकांनी सहानुभूती दाखवली, जबाबदारी कुणी घेतली नाही. शेजारणीची इच्छा होती, पण तिच्या नवऱ्याने उंबरठ्यावर हात आडवा धरला. अखेर मी दादरच्या त्याच आश्रमात गेलो. संचालिकाबाईंनी मुलीला जवळ घेतलं. "आता घेता येईल," त्या म्हणाल्या. "आता आई नाही आणि आजी तुरुंगात. आता ती नियमात बसते." हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच कळलं. त्यांनी मुलीच्या केसांवरून हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर बारा-पंधरा वर्षांनी कायदा बदलला. डॉक्टरांच्या हातून, काही अटींवर, हे उघडपणे करता येऊ लागलं. त्यावर पुष्कळ वाद झाले. पोटातल्या जिवाचा हक्क मोठा की बाईचा, यावर शिकलेली माणसं तावातावाने बोलत. मला लोक विचारत, तुम्ही पोलीस, तुमचं काय मत? मी त्या प्रश्नाचा निकाल लावू शकलो नाही. आश्रमातल्या बाई चुकीच्या होत्या असं मला म्हणवत नाही, आणि म्हातारीही चुकीची होती असं म्हणवत नाही. मला एवढंच कळलं की लालबागच्या त्या बाईपुढे हा वाद कधी आलाच नाही. तिला मूल हवं होतं. ते वाढवायला तिच्यापाशी जागा नव्हती आणि पाडायला सुरक्षित हात नव्हता. ज्यांनी ज्यांनी तिला परत पाठवलं, त्यांच्यापैकी कुणीही कायदा मोडला नाही. कायदा मोडला तो फक्त दोघींनी, आणि त्या दोघींना मी पकडलं. तपास बिनचूक होता. वरिष्ठांनी शेरा चांगला दिला. त्या शेऱ्याचा आनंद मला कधी झाला नाही.

माझी बदली झाली, मग आणखी एक झाली. बऱ्याच वर्षांनी, साध्या कपड्यांत, लालबागच्या मार्केटात मसाला घ्यायला गेलो होतो. मागून कुणीतरी "सायबानू" म्हणालं. म्हातारी अगदी वाकली होती, पण आवाज तोच. सुटून आल्यावर तिने आश्रमातून नातीला परत आणलं होतं. घरोघरी पापड-मसाल्याची कामं करून वाढवत होती. मुलगी शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या, हातात पिशवी. उंच झाली होती.

म्हातारी तिला म्हणाली, "सायबांच्या पाया पड."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "आज्ये, हे कोण?"

मी घाबरलो. इतक्या वर्षांत कुठल्या गुंडासमोर घाबरलो नव्हतो, तसा घाबरलो. म्हातारीने क्षणभर विचार केला.

"हे तुझ्या आवशीक वळखत होते," ती म्हणाली.

मुलीचा चेहरा उजळला. आईला ओळखणारा माणूस तिला बहुधा पहिल्यांदाच भेटत होता. ती पुढे आली आणि विचारू लागली, माझी आई कशी होती, कशी बोलायची, हसायची का. मी तिथे मार्केटाच्या गर्दीत उभा राहिलो. मला तिचा फक्त पडद्यामागून ऐकलेला आवाज आठवत होता.

"खूप धीराची होती," मी म्हणालो. त्याहून जास्त मला खरंच काही माहीत नव्हतं.